दुसरा अल्बम आणि निर्मात्याची खुर्ची



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सगळं आयुष्य ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेलं. काचेच्या पलीकडे गाणारे आणि वाजवणारे, अलीकडे ते. गाणं गाजलं की गायकाचं नाव घरोघरी पोहोचायचं. ते गाणं कानाला तसं का लागतं हे ज्यानं ठरवलं, त्याचं नाव तबकडीच्या वेष्टनावर असलंच तर अगदी बारीक अक्षरांत असायचं. अशा माणसाच्या नावानं उभं राहून बोलायचं, तर विषयही काचेच्या त्याच बाजूचा असावा असं मला वाटलं. म्हणून आज मी एका गायिकेबद्दल बोलणार आहे, जी काचेच्या दोन्ही बाजूंना एकटी उभी राहिली. तिच्याआधी नऊ वर्षं त्याच वाटेवरून अर्ध्यापर्यंत गेलेल्या दुसऱ्या एका गायिकेबद्दलही बोलायचं आहे.

पहिलीचं नाव इमोजेन हीप. इंग्रज, जन्म १९७७ चा, लंडनच्या पूर्व टोकाच्या हॅवरिंग भागातला. २००५ साली तिचा ‘स्पीक फॉर युअरसेल्फ’ हा दुसरा एकल अल्बम आला. शब्द तिचे, चाली तिच्या, गळा तिचा, निर्मिती तिची, आणि ज्या कंपनीनं तो ब्रिटनमध्ये बाजारात आणला ती मेगाफॉनिक रेकॉर्ड्सही तिचीच. दुसरी पॉला कोल, अमेरिकन. १९९६ साली तिचा ‘धिस फायर’ आला. तोही दुसरा अल्बम, आणि त्याचीही निर्मिती तिनं स्वतःच केली.

या दोघींना जोडणारी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण या धंद्याची रीत तिच्यातून कळते. दोघींना ग्रॅमी पुरस्कारांत ‘सर्वोत्कृष्ट नवा कलावंत’ या विभागात नामांकन मिळालं, आणि दोघींनाही ते दुसऱ्या अल्बमनंतर मिळालं. कोलनं १९९८ साली तो पुरस्कार जिंकला. हीपचं नामांकन २००७ सालचं. तेव्हा तिच्या पहिल्या अल्बमला नऊ वर्षं झाली होती. म्हणजे जगाच्या लेखी या दोघी जन्मल्या त्या दुसऱ्या अल्बमात. पहिले अल्बम गेले कुठे? ते ज्या कंपन्यांनी काढले त्या कंपन्याच डगमगल्या. कोलचा पहिला अल्बम ‘हार्बिंजर’ १९९४ मध्ये इमागो या कंपनीनं काढला. लवकरच कंपनीच अडचणीत सापडली आणि अल्बम तिच्याबरोबर बुडाला. हीपचा ‘आयमेगाफोन’ १९९८ मध्ये अल्मो साउंड्सनं काढला. पुढे ती कंपनी मोठ्या कंपनीच्या पोटात गेली आणि विशीतल्या या मुलीच्या हातात करार राहिला नाही. अल्बमच्या नावात तिनं स्वतःच्या नावाची अक्षरं फिरवून बसवली होती. नाव तिचं, अल्बम मात्र कंपनीचा.

आता ‘निर्मिती’ म्हणजे नेमकं काय, ते सांगून पुढे जातो. पाश्चात्त्य संगीतातला प्रोड्यूसर आपल्या चित्रपटांच्या निर्मात्यासारखा पैसा घालणारा असेलच असं नाही. आपल्याकडचा संगीत संयोजक, रेकॉर्डिस्ट आणि दिग्दर्शक या तिघांचं थोडं थोडं काम तो करतो. माइक ओठांपासून किती अंतरावर ठेवायचा, मागे ढोल वाजणार की नुसता पियानो, पाच टेकमधला कुठला ठेवायचा, दोन ओळींमधला श्वास ऐकू येऊ द्यायचा की पुसून टाकायचा, गाणं कुठे संपवायचं, हे सगळं तो ठरवतो. शब्द आणि चाल आधी तयार असतात हे खरं; पण ऐकणाऱ्याच्या कानावर जे पडतं ते या खोलीत घडतं. म्हणून स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या कलावंतानं ही खुर्ची दुसऱ्याला दिली, की लेखनाचा मोठा भागही त्याच्याकडे जातो, असं माझं मत आहे. स्वतः लिहून गाणाऱ्या जोनी मिचेलला हे फार लवकर उमगलं. तिचा पहिला अल्बम डेव्हिड क्रॉस्बीनं केला. १९६९ च्या ‘क्लाउड्स’ या दुसऱ्या अल्बमात मात्र एक गाणं सोडलं तर सगळी निर्मिती तिनं स्वतःकडे घेतली.

पॉला कोल मॅसॅच्युसेट्समधल्या रॉकपोर्टची. बर्कली या नामांकित संगीत महाविद्यालयात शिकली. प्रसिद्ध गायक पीटर गॅब्रिएलच्या १९९३-९४ च्या जागतिक दौऱ्यात तिनं सिनेड ओ’कॉनरच्या जागी गायन केलं, आणि मोठमोठ्या स्टेडियमांत तिचा आवाज तयार झाला. तरीही ‘हार्बिंजर’मध्ये ती दबकून गाते. त्या अल्बमचा निर्माता केव्हिन किलन नावाजलेला होता, त्याच्या कामात उणं काढावं असं काही नाही. पण ‘हार्बिंजर’ आणि ‘धिस फायर’ एकापाठोपाठ ऐका. दुसऱ्यात ती किंचाळते, कुजबुजते, तोंडानं ताल धरते. ‘व्हेअर हॅव ऑल द काउबॉइज गॉन’ हे गाजलेलं गाणं घ्या. कडव्यात आवाज बोलण्याच्या पट्टीत, जवळजवळ कानाशी. आणि ध्रुवपदाला तोच आवाज छातीतून, मोकळा. गाण्यातली बाई संसारात पिचलेली आहे. घरात ती हळू बोलते आणि मनात मोठ्यानं. हा अर्थ शब्दांइतकाच आवाजाच्या त्या दोन पातळ्यांतून आलेला आहे. व्यवहारी निर्मात्यानं कडव्याचा आवाज वर उचलला असता, कारण रेडिओवर कुजबुज हरवते. कोलनं तो उचलला नाही. तरी ते गाणं अमेरिकेच्या हॉट १०० यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं.

एकटीनं निर्मिती केली म्हणजे खोलीत दुसरं कोणी नव्हतं असं समजू नका. ड्रम्सवर जे बेलरोज होता, एका गाण्यात खुद्द गॅब्रिएल तिच्याबरोबर गायला. माणसं होती, शेवटचा शब्द तिचा होता, एवढाच फरक. पण तो फरक फार मोठा आहे. १९९८ च्या ग्रॅमीत ‘वर्षाचा निर्माता’ या शास्त्रीयेतर विभागात तिला नामांकन मिळालं. पुरुष जोडीदाराच्या नावाशिवाय, एकट्या स्त्रीला ते पहिल्यांदाच मिळत होतं. पुरस्कार बेबीफेस या निर्मात्याला गेला. त्या समारंभानंतर वर्तमानपत्रांत आणि रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमांत कोलबद्दल चर्चा झाली, पण निर्मात्याच्या नामांकनाची नव्हे. तिनं काखेतले केस काढले नव्हते, याची. हे आठवलं की आजही मला राग येतो. वर्षाच्या निर्मात्याचा तो विभाग १९७० च्या दशकात सुरू झाला, आणि आजवर एकाही स्त्रीला तो पुरस्कार मिळालेला नाही. शास्त्रीय संगीताच्या विभागात ज्युडिथ शर्मनसारख्या स्त्रियांनी तो अनेकदा मिळवला आहे, म्हणजे कानाचा प्रश्न नाही.

हीपची गोष्ट इथूनच पुढे सुरू होते, जरी तिला तेव्हा याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. लहानपणी ती पियानो, चेलो, क्लॅरिनेट रीतसर शिकली. निवासी शाळेत असताना अटारी संगणकावर सुरांची जुळणी करायला ती आपली आपणच शिकली. पुढे क्रॉयडनची ब्रिट स्कूल. पहिला अल्बम आणि करार गमावल्यावर तिनं गाय सिग्सवर्थ या निर्मात्याबरोबर ‘फ्रू फ्रू’ नावाची जोडी केली. सिग्सवर्थ बियॉर्क, मॅडोना अशांबरोबर काम केलेला मुरलेला माणूस. २००२ साली त्यांचा ‘डिटेल्स’ आला. सुंदर अल्बम, तरी कंपनीनं दुसरा नको म्हणून सांगितलं. २००४ मध्ये ‘गार्डन स्टेट’ चित्रपटात त्यातलं ‘लेट गो’ वाजलं आणि जगाला ती जोडी कळली. तोपर्यंत जोडी सुटली होती आणि हीप आपल्या कामाला लागली होती.

ते काम तिनं २००३ च्या अखेरीस सुरू केलं. आधी तिनं मुदत ठरवली: एक वर्ष. मास्टरिंगची, म्हणजे मुद्रणावरच्या शेवटच्या संस्काराची, तारीख पुढच्या डिसेंबरची आधीच घेऊन ठेवली, म्हणजे पळवाट उरायला नको. मग पैसा उभा केला. राहत्या फ्लॅटवर नव्यानं कर्ज काढलं, त्या पैशातून लंडनमधल्या अटॉमिक स्टुडिओजमध्ये जागा भाड्यानं घेतली आणि वाद्यं, यंत्रं विकत आणली.

हे कर्ज मला फार महत्त्वाचं वाटतं. एरवी कसं चालतं ते पाहा. कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते. त्यातून स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, निर्मात्याचे पैसे जातात. ही रक्कम म्हणजे देणगी नसते. पुढे अल्बम विकला की कलावंताच्या रॉयल्टीतून कंपनी ती आधी वळती करून घेते. म्हणजे मुद्रणाचा खर्च अखेर कलावंतच भरतो. आणि इतकं करून मूळ मुद्रण, ज्याला मास्टर म्हणतात, ते राहतं कंपनीच्या नावावर. घराचे हप्ते आपण फेडायचे आणि सातबारा दुसऱ्याचा, असा हा मामला. हीपनं तो उलटा केला. खरंखुरं घर बँकेकडे गहाण टाकलं आणि मुद्रण आपल्या नावावर ठेवलं. अल्बम चालला नसता तर छप्पर गेलं असतं. इतकी जोखीम पत्करून काम केलेल्या माणसाच्या गाण्यात प्रत्येक आवाज आपल्या जागी का आहे, हे मग समजतं.

आता एका गाण्यापाशी थांबू या, ‘हाइड अँड सीक’पाशी. त्याची जन्मकथा तिनं मुलाखतींत सांगितली आहे. एका रात्री स्टुडिओतला संगणक बंद पडला. दिवस वाया गेला, घरी जावं असं वाटत होतं, पण काहीतरी केल्याशिवाय जाणं जिवावर आलं. तिनं एक कीबोर्ड, एक माइक आणि आवाजाच्या पट्ट्या बदलणारं एक छोटं यंत्र जोडलं, मिनीडिस्क सुरू केली आणि मनाला येईल ते गायला लागली. साडेचार मिनिटांत गाण्याचा गाभा झाला.

ते यंत्र कसं काम करतं ते नीट सांगतो, कारण गाण्याचा प्राण त्यात आहे. अनेक जण त्याला व्होकोडर म्हणतात. ते होतं डिजिटेक कंपनीचं व्होकलिस्ट, म्हणजे हार्मोनायझर. गाणारी एक सूर गाते. त्याच वेळी ती कीबोर्डवर तीन-चार पट्ट्या दाबते. यंत्र तिचाच आवाज त्या पट्ट्यांच्या सुरांवर नेऊन बसवतं, आणि एका गळ्यातून चार-पाच गळे एकदम ऐकू येतात. आता लक्षात घ्या, पट्ट्या नुसत्या दाबून काहीच वाजत नाही. ती गात असेल तरच स्वरसमूह असतो. तिनं श्वास घेतला की मागची सगळी साथ त्याच क्षणी थांबते. तिनं सकार उच्चारला तर सगळे गळे तो सकार उच्चारतात. तिचा आवाज शब्दाच्या शेवटी जरा थरथरला तर पाचही आवाज थरथरतात. साथ आणि गायन यांना वेगळा श्वासच नाही. गाण्यात ताल नाही, ड्रम नाही, गिटार नाही, बास नाही. चार मिनिटांहून थोडं जास्त वेळ फक्त एक बाई आणि तिचेच अनेक आवाज. घर मोडल्याची, माणसं दुरावल्याची भावना त्यात आहे, आणि तिला उत्तर द्यायला तिच्याशिवाय दुसरा आवाजच नाही. गाण्याचं दुःख त्याच्या बांधणीतच बसलेलं आहे.

हे मुद्रण मोठ्या कंपनीच्या खोलीत बाहेरच्या निर्मात्यापुढे असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळदा करतो. दुसऱ्या अंतऱ्याला तबल्याचा म्हणा, ड्रमचा म्हणा, ठेका शिरला असता. शेवटाला व्हायोलिनं आली असती. हे सगळं चांगल्या हेतूनंच झालं असतं, कारण मोकळी जागा दिसली की ती भरणं हे निर्मात्याच्या सवयीत असतं, आणि चार मिनिटं तालाशिवाय गाणं रेडिओवर टिकत नाही हे सगळ्यांना पाठ असतं. हीपपुढे ‘हे पुरेसं आहे’ म्हणायला कोणाची परवानगी लागत नव्हती. मे २००५ मध्ये ‘द ओ. सी.’ या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात, बंदुकीची गोळी सुटते त्या प्रसंगी, हे गाणं वाजलं आणि एका रात्रीत ते लोकांच्या तोंडी झालं. अल्बम ब्रिटनमध्ये यायला अजून दोन महिने होते.

बाकीच्या अल्बमात बारा गाण्यांपैकी अकरा उरतात, आणि ती या गाण्याच्या अगदी उलट, गजबजलेली आहेत. ‘हेडलॉक’ सुरू होतं ते नाजूक किणकिणाटावर, आणि बघता बघता त्याच्याभोवती भिंती उभ्या राहतात. ‘गुडनाइट अँड गो’मध्ये जेफ बेकची गिटार आहे, हीप त्याच्या अल्बमसाठी आधी गायली होती, तो ऋणानुबंध. ‘जस्ट फॉर नाउ’ तर मंचावर ऐकण्या-पाहण्याची गोष्ट आहे. ती एकटी उभी राहते, टाळीचा एक ठेका यंत्रात मुद्रित करते, तो फिरत राहतो. त्यावर स्वतःचाच एक सूर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर एका माणसाचं वृंदगान तयार होतं. निर्मात्याचं जे काम एरवी बंद खोलीत होतं, ते ती उघड्यावर करून दाखवते. गाताना तिचे हात सतत कामात असतात, एखाद्या कारागिरासारखे नेमके.

पण व्याख्याता म्हणून आवडीला आवर घालणं माझं कर्तव्य आहे. या अल्बमात काही ठिकाणी आवाजांची फार दाटी आहे. ‘लूज एंड्स’, ‘डेलाइट रॉबरी’ या गाण्यांत कान थकतो. प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी टिकटिकतं, खुसपुसतं. तिथे दुसरा कान असता तर त्यानं चार गोष्टी काढून टाकायला लावल्या असत्या. ‘धिस फायर’मध्येही काही गाणी भावनेच्या भारानं वाकतात. एकट्यानं निर्मिती करण्याची ही किंमत आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तरीही मी ती किंमत द्यायला तयार आहे. दुसऱ्याच्या कानानं घासून गुळगुळीत केलेल्या अल्बमांत ‘हाइड अँड सीक’ जन्माला येत नाही.

आता मालकीकडे वळतो. जुलै २००५ मध्ये अल्बम हीपच्या मेगाफॉनिकनं ब्रिटनमध्ये काढला. मग मोठ्या कंपन्या आल्या. तोवर अल्बम पूर्ण झालेला होता, एक गाणं देशोदेशी पोहोचलेलं होतं. अमेरिकेसाठी आरसीए व्हिक्टरनं तो परवान्यावर घेतला आणि नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केला. परवाना म्हणजे वापराची मुभा, विक्री नव्हे. ज्या टेबलावर एकेकाळी ती करार मागायला बसली होती, त्याच टेबलावर आता ती तयार माल घेऊन बसली होती.

पुढचा हिशेब पाहा. २००९ मध्ये जेसन डेरुलोनं ‘हाइड अँड सीक’चा तुकडा घेऊन ‘व्हॉचा से’ हे गाणं केलं. ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि गीतकार-संगीतकारांच्या नावांत इमोजेन हीप हे नाव आहे. २०१८ मध्ये आरियाना ग्रांडेनं ‘गुडनाइट अँड गो’ आपल्या अल्बमात नव्या रूपात घेतलं. आणि अल्बमला वीस वर्षं होत असताना तरुण मुलांनी समाजमाध्यमांवरच्या छोट्या चित्रफितींत ‘हेडलॉक’ वापरायला सुरुवात केली आणि ते गाणं प्रथमच अमेरिकेच्या हॉट १०० यादीत दाखल झालं. ज्यांनी ते उचललं त्यांतल्या अनेकांचा जन्म हे मुद्रण झालं तेव्हा झालेलाही नव्हता. एका वर्षाच्या मुदतीत, कर्जाच्या पैशावर केलेलं काम वीस वर्षं पोसत राहिलं.

आता कोलकडे परत या. ‘धिस फायर’मधलं ‘आय डोन्ट वॉन्ट टु वेट’ तिनं आजोबांच्या अखेरच्या दिवसांत लिहिलं. जानेवारी १९९८ पासून ते ‘डॉसन्स क्रीक’ या मालिकेचं शीर्षकगीत झालं आणि एका पिढीच्या कानात कायमचं बसलं. पुढे मालिका डीव्हीडीवर, मग स्ट्रीमिंगवर आली, तेव्हा हक्कांचा प्रश्न आडवा आला आणि ठिकठिकाणी ते गाणं काढून दुसरंच लावलं गेलं. लोक हळहळले. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर ते गाणं परत आलं, पण ते कोलनं पुन्हा गाऊन, पुन्हा मुद्रित करून दिलेलं होतं. १९९६ चं मूळ मुद्रण, ज्याचा प्रत्येक आवाज तिनं ठरवला होता, जे ऐकून तिला वर्षाच्या निर्मात्याचं नामांकन मिळालं होतं, ते द्यायला तिच्या हातात नव्हतं. खुर्ची तिची होती, पण खोली दुसऱ्याची होती.

हीपनं खुर्ची आणि खोली दोन्ही घेतल्या. म्हणून माझ्या लेखी ‘स्पीक फॉर युअरसेल्फ’ हा ‘धिस फायर’पेक्षा पूर्ण अल्बम आहे. गाण्यांची तुलना केली तर कदाचित मी कोलकडे झुकेन. तिचा गळा अधिक मोठा आहे. पण गायिकेनं स्वतः निर्मिती करणं म्हणजे काय, याचं पूर्ण उत्तर हीपनं दिलं.

कायदाही या बाबतीत विचार करायला लावतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता कोण, तर निर्माता. आणि इथे निर्माता म्हणजे स्टुडिओतल्या खुर्चीवर बसणाराच असेल असं नाही, तर ते काम घडवण्यासाठी ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली ती व्यक्ती. ध्वनिमुद्रणावरचा हा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. ब्रिटनचा कायदाही मुद्रणाचा कर्ता निर्मात्यालाच मानतो. म्हणजे गाणारा कितीही थोर असो, कायद्याच्या नजरेत मुद्रणाचं कर्तेपण पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याकडे जातं. आपल्याकडे हा प्रश्न लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकातच विचारला होता. गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, असं त्या म्हणाल्या, आणि त्यापायी मोहम्मद रफींबरोबर त्यांचा अबोला झाला. त्याच काळात भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं, ते ‘आनंदघन’ या नावाआडून. गाण्यातलं ज्यांना सगळं कळत होतं, त्यांनाही संगीतकाराच्या खुर्चीवर स्वतःच्या नावानं बसावंसं वाटलं नाही, यात तो काळ दिसतो. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं पक्का व्हायला आपल्याकडे २०१२ ची दुरुस्ती यावी लागली.

हीपचा आपल्याशी एक थेट धागाही आहे. २०११ मध्ये ती भारतात आली. ‘द ड्युअरिस्ट्स’ या मालिकेसाठी जयपूरजवळच्या सामोद राजवाड्यात तिनं मुंबईच्या विशाल ददलानी आणि शेखर रावजियानी यांच्याबरोबर रवींद्रनाथांच्या कवितेवरून ‘माइंड्स विदाउट फिअर’ हे गाणं केलं आणि २०१४ च्या आपल्या ‘स्पार्क्स’ अल्बममध्ये ते घेतलं. भारतात येण्याच्या आदल्या वर्षी, २०१० च्या ग्रॅमीत, ‘एलिप्स’ या तिच्या तिसऱ्या अल्बमला उत्कृष्ट ध्वनिअभियांत्रिकीचा पुरस्कार मिळाला. शास्त्रीयेतर विभागातला तो पुरस्कार १९९९ मध्ये ट्रिना शूमेकर या स्त्री अभियंत्यानं पहिल्यांदा मिळवला होता. हीपला तो मिळाला तो स्वतः गायलेल्या अल्बमच्या मुद्रणासाठी. कराराविना राहिलेल्या मुलीला तिच्या आवाजासाठी नव्हे, तर तो आवाज टिपण्याच्या कौशल्यासाठी जगानं मान दिला.

रसिकहो, या सभागृहात गाणं शिकणाऱ्या पुष्कळ मुली बसल्या आहेत. त्यांच्या गुरूंना, पालकांना आणि संगीत शिकवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. राग, ताल, रियाज यांच्याबरोबर त्यांना माइक कसा लावायचा, मिक्सिंग कसं करायचं, टेक कसा निवडायचा हेही शिकवा. आज त्याला मोठा स्टुडिओ लागत नाही. एक संगणक, एक बरा माइक आणि एक शांत खोली पुरते. ‘हे तंत्रज्ञांचं काम, तू नुसती गा’ हे वाक्य त्यांच्या कानावर पडू देऊ नका. आणि मुलींनो, पहिला असो वा दुसरा, कुठल्याही अल्बमच्या करारावर सही करण्याआधी मूळ मुद्रण कोणाच्या नावावर राहणार आहे ते कलम शोधा, मोठ्यानं वाचा, आणि ते तुमच्या नावावर राहत नसेल तर का, हे विचारा.